चेक इंजिनचा दिवा काय सांगतो? सेन्सरच्या व्होल्टेजचा फॉल्ट कोड आणि नववीतला ओहमचा नियम



नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा पाठ आहे. विभवांतर, रोध, ओहमचा नियम, एकसर जोडणी, समांतर जोडणी असं सगळं त्यात येतं. मुलं सूत्र पाठ करतात, उदाहरणं सोडवतात आणि मग एखादा हमखास विचारतो, "सर, याचा उपयोग काय?" या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आपल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटखाली आहे. आज ते पाहू. वाचून झाल्यावर दोन गोष्टी तुमच्या हाती लागतील: गाडीत 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला तर गॅरेजमध्ये काय विचारायचं, आणि वर्गात घेण्यासारखा एक स्वस्त प्रयोग.

आधी समज-गैरसमज

दिवा लागला की आपण गॅरेजला जातो. मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. स्क्रीनवर एक कोड येतो, उदाहरणार्थ पी०११८. "कूलंट टेम्परेचर सेन्सरचा कोड आहे, सेन्सर बदलावा लागेल," असं उत्तर मिळतं. सेन्सर बदलतो, दिवा विझतो, आपण पैसे देतो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

असं का होतं? कारण कोडने सेन्सर खराब आहे असं सांगितलेलंच नसतं. पी०११८ चा खरा अर्थ एवढाच, की इंजिनच्या कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशा वायरी येतात, कपलर येतो, अर्थ येतो आणि गाडीचा छोटा संगणक, म्हणजे ईसीयूसुद्धा येतो. यातलं काहीही बिघडलेलं असू शकतं. कोड म्हणजे निदान नाही, ती तक्रार आहे. आजच्या पाठातलं हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

हे कोड आले कुठून?

गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी ही कल्पना धुराच्या प्रश्नातून पुढे आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने आधी असे नियम केले आणि १९९६ च्या मॉडेलपासून तिथल्या सर्व नव्या गाड्यांना 'ओबीडी-२' ही समान पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांबरोबर ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, त्यामुळे आजच्या नव्या गाड्यांत सेन्सरांची आणि कोडांची संख्या बरीच वाढलेली आहे.

कोड वाचायला सोपा असतो. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा भाग. (बॉडीसाठी 'बी', चाकं-ब्रेक वगैरेंसाठी 'सी', संगणकांच्या आपसातल्या संपर्कासाठी 'यू'.) पुढचा ० सांगतो की हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. तिथे १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा अंक कुठली यंत्रणा ते सांगतो आणि शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार. कूलंटच्या तापमानासाठी पी०११७ म्हणजे व्होल्टेज फार कमी आणि पी०११८ म्हणजे फार जास्त.

सेन्सर तापमान कसं सांगतो?

इथे आपला ओहमचा नियम कामाला येतो. कूलंटच्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. साध्या तारेचा रोध तापल्यावर वाढतो, हे मुलांना माहीत असतं. या थर्मिस्टरचं उलटं आहे. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम आणि ८० अंशाला सुमारे ३२० ओहम असतो.

आता जोडणी बघा. ईसीयूमधून ५ व्होल्ट निघतात. ते ईसीयूच्याच आत बसवलेल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून जातात, मग सिग्नलच्या वायरने सेन्सरपर्यंत पोचतात आणि दुसऱ्या वायरने ईसीयूच्या अर्थला परत येतात. म्हणजे दोन रोध एकसर जोडणीत. त्या दोघांच्या मधल्या बिंदूवर किती व्होल्ट आहेत ते ईसीयू सतत मोजत असतो.

हिशेबासाठी आतला रेझिस्टर २००० ओहमचा धरू.

- इंजिन २० अंशावर: ५ × २५०० ÷ ४५०० = सुमारे २.८ व्होल्ट
- इंजिन ८० अंशावर: ५ × ३२० ÷ २३२० = सुमारे ०.७ व्होल्ट

इंजिन थंड तर व्होल्ट जास्त, इंजिन गरम तर व्होल्ट कमी. ईसीयूकडे याचा तक्ता असतो. तो व्होल्ट मोजतो आणि तापमान 'वाचतो'. खरं तर त्याला तापमान कळतच नाही, फक्त व्होल्ट कळतात. हे मुलांना आवर्जून सांगा.

मग बिघाड कसा ओळखतो?

समजा सर्किट कुठेतरी तुटलं. वीजप्रवाह थांबला, त्यामुळे आतल्या रेझिस्टरवर काहीच विभवांतर पडत नाही आणि मधल्या बिंदूवर जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. तक्त्यानुसार याचा अर्थ फार फार थंड. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर तेव्हा उणे ४० अंश दिसतं. रत्नागिरीत उणे ४०! ईसीयूला रत्नागिरी माहीत नाही, पण इतकं टोकाचं व्होल्टेज खरं असू शकत नाही हे त्याला शिकवलेलं असतं. तो पी०११८ नोंदवतो आणि दिवा लावतो.

उलट, सिग्नलची वायर कुठे सोलवटून बॉडीला टेकली, तर बिंदूवर शून्य व्होल्ट. अर्थ असा की इंजिन भलतंच तापलंय. हा पी०११७.

आता मधली एक अवस्था बघा, ती जास्त फसवी आहे. कपलरच्या पिनेवर गंज चढला आणि तिथे १००० ओहमचा जादा रोध तयार झाला असं धरा. इंजिन ८० अंशावर आहे. सेन्सरचे ३२० आणि गंजाचे १००० मिळून १३२० ओहम. व्होल्ट किती? ५ × १३२० ÷ ३३२० = सुमारे २. गरम इंजिन ईसीयूला कोमट वाटतं. तो पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज पडतं, पण २ व्होल्ट ही 'शक्य' किंमत असल्यामुळे व्होल्टेजचा कोड येत नाही. म्हणजे कोड नाही म्हणून बिघाड नाही, असंही म्हणता येत नाही.

आपल्या रत्नागिरीत हे जास्त का?

समुद्रकाठची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस. मांडवी, भाट्ये, मिऱ्या या पट्ट्यात राहणाऱ्यांना खिडकीच्या गजांचं काय होतं ते सांगायला नको. तीच हवा बोनेटखाली जाते. कपलरचं रबर सैल झालं असेल तर ओलावा आत शिरतो आणि पिनांवर, तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढतात तशी, हिरवट पुटं चढतात.

दुसरा शत्रू उंदीर. पावसात त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते आणि इंजिनच्या आसपास ती मिळते. वायरीचं आवरण कुरतडलं की तांबं उघडं पडतं. तिसरी गोष्ट म्हणजे उभी गाडी. बरीच घरं अशी आहेत की माणसं मुंबईत आणि गाडी गावी. पावसाळाभर गाडी पडवीला किंवा मांगराशेजारी उभी, ती गणपतीला बाहेर निघते. तेव्हा दिवा लागला तर पहिला संशय नव्या सेन्सरच्या खर्चावर नेऊ नका, कपलर आणि वायरीवर घ्या.

तपासणी कशी करावी: पायरी-पायरीने

हे काम मेकॅनिकचं आहे. पण क्रम आपल्याला ठाऊक असला तर योग्य प्रश्न विचारता येतात. इंजिन पूर्ण थंड असू द्या. रेडिएटरचा पंखा अचानक आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून हात आणि ओढणी-सदरा दूर. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

१. कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. कोडबरोबर ईसीयू त्या क्षणाची नोंदही ठेवतो, जसं वेग किती, इंजिनचे फेरे किती, तापमान किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की हा पुरावाही जातो.

२. एकच कोड आहे की पुष्कळ? तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम आले तर सगळे सेन्सर एकदम खराब झाले असं सहसा होत नाही. बॅटरी, सामाईक अर्थ किंवा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा आधी तपासायचा. चांगली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा.

३. सकाळचं तापमान जुळवा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्ही जवळपास सारख्याच तापमानाला हवीत. स्कॅनरवर हवा २७ आणि कूलंट उणे ४० दिसलं, तर घोळ कूलंटच्या सर्किटमध्ये. (काही गाड्या कोड आल्यावर खऱ्या आकड्याऐवजी ठरवून दिलेला आकडा दाखवतात, तेही ध्यानात ठेवा.)

४. डोळ्यांनी बघा. कपलरचं लॉक नीट बसलंय का, पिन वाकलीय का, हिरवं काही दिसतंय का, वायर कुरतडलेली आहे का. या पायरीला पैसे लागत नाहीत, आणि हीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

५. सॉकेटवर व्होल्ट मोजा. इग्निशन बंद करून कपलर काढा, मग इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. सिग्नलची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमध्ये सुमारे ५ व्होल्ट हवेत. शून्य आले तर सिग्नलची वायर मध्येच तुटलेली असू शकते. ५ मिळाले, पण कपलरच्या दोन पिनांमध्ये मोजल्यावर मिळाले नाहीत, तर अर्थची वायर गेलेली.

६. दोन पिना एका तारेने जोडून बघा. स्कॅनरवरचं तापमान उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला गेलं पाहिजे. गेलं तर वायरी आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांत. मध्येच कुठेतरी अडकलं तर वाटेत जादा रोध आहे, बहुधा गंज. पाचव्या पायरीत ५ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली असं समजू नका. मल्टिमीटर जवळजवळ प्रवाह घेत नाही, त्यामुळे एका तंतूवर टिकलेली वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते.

सावधान: ही पायरी फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी. थ्रॉटल किंवा प्रेशरच्या तीन वायरींच्या सेन्सरवर अशी तार लावली तर ५ व्होल्टचा पुरवठाच शॉर्ट होऊ शकतो.

७. सेन्सरचा रोध मोजा. थंड असताना आणि गरम असताना. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून बघा. मल्टिमीटर 'ओएल' दाखवत असेल तर सेन्सर आतून तुटलेला आहे. आता तो खुशाल बदला.

८. वायरी हलवून बघा. स्कॅनरवरचा आकडा बघत हार्नेस हळूच हलवायचा. आकडा उडी मारेल तिथे बिघाड. खड्ड्यात लागून पुढे विझणारा दिवा असाच सापडतो.

पी०११७ असेल तर याहून सोपं. कपलर काढा. आकडा उणे ४० ला गेला तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. नाही गेला तर वायर कुठेतरी टेकलेली आहे.

दुर्लक्ष केलं तर?

गाडी चालते, म्हणून पुष्कळ जण दिवा तसाच ठेवतात. सेन्सरवर भरवसा नाही असं ठरलं की ईसीयू एक ठरावीक तापमान गृहीत धरतो आणि बऱ्याच गाड्यांत पंखा सतत चालू ठेवतो. सुरुवातीला नुकसान फक्त पेट्रोलचं वाटतं. पण अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा याच सेन्सरवर चालतो. हातखंब्यावरून पाली, साखरपा करत आंबा घाट चढताना कूलंट खरंच कमी झालं, तर काटा ते दाखवेलच असं नाही. पुढे हेड गॅस्केटचा खर्च आला की सेन्सरचा खर्च चिल्लर वाटतो. म्हणून पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर तपासून घ्या. तो लुकलुकत असेल, किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर बाजूला थांबा.

गॅरेजमध्ये भांडायची गरज नाही. तीनच प्रश्न शांतपणे विचारा: "कोडचा नंबर काय? कपलर उघडून बघितलात का? सेन्सर मोजला का?" चांगल्या मेकॅनिकला हे प्रश्न आवडतात.

वर्गात करून बघा

साहित्य: १० किलो-ओहमचा एनटीसी थर्मिस्टर, १० किलो-ओहमचा रेझिस्टर, दीड व्होल्टचे तीन सेल, वायरी, मल्टिमीटर, गरम पाणी, बर्फ. थर्मिस्टर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्यापासून जपा.

कृती: सेल, रेझिस्टर आणि थर्मिस्टर एकसर जोडा. थर्मिस्टरच्या दोन टोकांना जाणाऱ्या वायरी लांब ठेवा आणि मल्टिमीटर रेझिस्टरच्या बाजूला, त्या वायरी जिथून सुरू होतात तिथे लावा. तोच तुमचा ईसीयू. २५ अंशाच्या आसपास साधारण सव्वादोन व्होल्ट मिळतील, बर्फाच्या पाण्यात साधारण ३.४ आणि ६० अंशाच्या पाण्यात साधारण ०.९. मुलांना व्होल्ट आणि तापमानाचा आलेख काढू द्या.

आता खरी मजा. एका गटाने पुठ्ठ्याआड गुपचूप बिघाड करायचा: थर्मिस्टरचा पाय सोडवायचा, किंवा वायर काढायची, किंवा दोन टोकं जोडायची. दुसऱ्या गटाने फक्त आकडा बघून बिघाड सांगायचा. साडेचार व्होल्ट दिसले की मुलं "थर्मिस्टर गेला!" म्हणून ओरडतील. पुठ्ठा काढल्यावर कळेल की वायर निघाली होती. दोन्हीचा आकडा एकच! मग पुढची मोजणी कुठे करायची, हे त्यांनाच ठरवू द्या. वहीत तीन रकाने आखून घ्या: अंदाज, मोजणी, निष्कर्ष.

दहावीनंतर आयटीआयत 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ज्या मुलाला पुठ्ठ्यामागचा बिघाड शोधताना घंटा झालेली कळत नाही, त्याच्या पालकांना हे जरूर सांगा. हे काम फक्त हाताचं नाही, डोक्याचंही आहे.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. चाचणीतले कमी गुण हासुद्धा एक कोडच असतो. गणितात वीसपैकी चार म्हणजे मूल गणितात कच्चं, असं आपण पटकन ठरवतो आणि लगेच क्लास बदलतो. पण तेच मूल तोंडी हिशेब बरोबर करत असेल आणि फळ्यावरचीच उदाहरणं चुकवत असेल, तर आधी त्याचे डोळे तपासायला हवेत. भाग बदलायच्या आधी मोजून बघणं इथेही लागू आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. सेन्सरचा रोध ५०० ओहम आणि आतला रेझिस्टर २००० ओहम असेल, तर ईसीयूला किती व्होल्ट दिसतील? (उत्तर: १ व्होल्ट)

२. सिग्नलची वायर तुटली तर ईसीयूला ५ व्होल्ट दिसतात, पण कपलरवर शून्य. दोन ठिकाणी वेगळे आकडे का?

३. पिनेवरचा गंज एकसर जोडणीत येतो की समांतर? तुमच्या उत्तराचं कारण द्या.

४. पंधरा दिवस उभ्या असलेल्या गाडीत चार सेन्सरांचे कोड एकदम आले. तुम्ही सर्वांत आधी काय तपासाल?